स्पिंडलचा टेपर तोंडाच्या मापावरून ठरत नाही

टर्नर-फिटर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय. जुन्या लेथच्या स्पिंडलच्या (काम फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) तोंडाला व्हर्नियर लावा; 24 मिमी आलं तर एमटी 3 (एमटी म्हणजे मोर्स टेपर, आत निमुळत्या होत जाणाऱ्या भोकाची एक ठरलेली मालिका), 31 आलं तर एमटी 4, 44 आलं तर एमटी 5. मुंबईच्या नागदेवी बाजारातून त्या नंबरची स्लीव्ह (त्या भोकात बसणारी निमुळती नळी) आणा. ढिली बसली तर पत्र्याची पट्टी गुंडाळा. चक (काम पकडणारा जबडा)? तोही त्याच नंबरावर मागा.

कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यांत जुन्या लेथवर आजही घरं चालतात. एकदा नासलेलं स्पिंडल बदलून मिळणं फार कठीण, म्हणून हा सल्ला खोडणं मला गरजेचं वाटतं.

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. मोर्स 5 चं मोठं टोक 44.399 मिमी असतं. जार्नो ही टेपरची दुसरी मालिका, तिच्या 14 नंबरचं 44.45. आणि काही जुन्या अमेरिकी लेथच्या हेडस्टॉकमध्ये (स्पिंडल धरणाऱ्या पेटीत) जार्नो असतो. कडा झिजलेल्या, चॅम्फर मारलेल्या (कोर तिरकी कापलेल्या) तोंडावर हा फरक व्हर्नियरला कसा सापडणार? आत गेल्यावर मात्र वाटा वेगळ्या होतात. जार्नोचा व्यास दर 20 मिमीला 1 मिमी कमी होतो, मोर्स 5 चा दर 19.002 मिमीला. म्हणजे 100 मिमी खोलीत पाव मिमीहून जास्त तफावत. जार्नोत एमटी 5 ची स्लीव्ह तोंडाशी घट्ट लागते आणि मागे अधांतरी राहते.

‘सगळे मोर्स 1:20’ (20 मिमीला 1 मिमी) असंही काही जण म्हणतात, तेही खरं नाही. एमटी 3 आहे 1:19.922, एमटी 4 1:19.254. शिवाय 38.1 मिमीचा साडेचार नंबरही असतो.

खरी ओळख डायलने (काट्याच्या सूक्ष्ममापकाने) होते. बोअर (स्पिंडलचं आतलं भोक) पुसून कोरडं करा. टूलपोस्टला (हत्यार धरणाऱ्या खांबाला) डायल बांधून टोक स्पिंडलच्या मध्याच्या उंचीवर आतल्या भिंतीला टेकवा, स्पिंडल न फिरवता कॅरेज (टूलपोस्ट वाहणारी गाडी) 50 मिमी सरकवा. एमटी 5 असेल तर डायल साधारण 1.316 मिमी दाखवेल, जार्नो असेल तर 1.25. एमटी 3 चं उत्तर 1.255 येतं, जार्नोच्या इतकं जवळ की तिथे व्यासही पाहावा लागतो. दोन्ही मापं एकत्र वाचायची, एकट्या मापावर भरवसा नको.

स्लीव्ह घेताना ड्रिलची, चपट्या शेपटीची घेऊ नका. हेडस्टॉकला आरपार उघडी लागते, नाहीतर मागून दांडा घालून सेंटर (टेपरमध्ये बसणारा टोकदार आधार) पाडता येत नाही.

पट्टीचा सल्ला सर्वांत घातक. हा टेपर पूर्ण लांबीभर चिकटला तरच धरतो. पट्टीमुळे तो एका बाजूला टेकतो, सेंटर आउट चालतो (डगमगत फिरतो), आणि जोर आला की स्लीव्ह आत फिरून बोअरला चरे पाडते.

चकचा तर आतल्या टेपरशी संबंधच नाही. तो स्पिंडलच्या बाहेरच्या टोकावर, नोजवर बसतो. नोजचे प्रकार वेगळे: चुडीचं (आट्यांचं), एल00 किंवा डी1-4 कॅमलॉक. त्याची मापं वेगळी घ्यायची.

टेपर कुठल्याच तक्त्यात बसला नाही तर स्लीव्ह त्याच लेथवर करून घ्या. डायल बोअरच्या भिंतीला टेकवून कंपाउंडचा (टूलपोस्टखालच्या, कोनात फिरणाऱ्या स्लाइडचा) कोन जुळवा; कंपाउंड सरकवताना डायल हलेनासा झाला की कंपाउंड तिथेच आवळा आणि बारीक टोक चककडे ठेवून बाहेरचा टेपर कापा. मग चक उतरवून स्लीव्हला निळं (कुठे टेकतं ते दाखवणारा रंग) लावा, बोअरमध्ये घालून पाहा. डाग लांबीभर उठेपर्यंत कंपाउंडचा कोन सोडू नका.