काका, मेलेल्या कलमाने गार्डला घाबरवू नका

काकांनी गेटवर शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, तेव्हाच मला कळलं की मॅचची पहिली ओव्हर आता गेली. व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड, चक्क झेरॉक्स काढून आणलेला: 'स्टेडियमची बेकायदा लूट! आपले हक्क ओळखा!' मागे घामाघूम रांग, पुढे खिशातली नाणी आणि पाण्याची बाटली बाहेर ठेवायला सांगणारा वीस-बावीस वर्षांचा गार्ड, आणि काका त्याला राजद्रोहाचं कलम वाचून दाखवतायत.

तोच फॉरवर्ड नंतर सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

राजद्रोहापासूनच सुरू करू. म्हणे, नाणी आत नेऊ न देणं म्हणजे भारतीय चलन नाकारणं, आणि तो भारतीय दंड संहितेच्या १२४-अ कलमाखाली राजद्रोहाचा गुन्हा. अहो, गार्ड तिथे काही विकायला बसला होता का? चलन नाकारणं म्हणजे व्यवहारात पैसे पुढे केल्यावर 'हे चालणार नाही' म्हणणं. त्याचा राजद्रोहाशी संबंध नाही. त्यासाठी २०११ चा नाणे कायदा आहे, आणि त्यातही रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन धरली आहेत. खिशातली चिल्लर बाहेर ठेवायला सांगणं त्यात कुठे बसतं? राहता राहिलं १२४-अ. सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्येच त्याचा वापर थांबवला, आणि १ जुलै २०२४ पासून अख्खी भारतीय दंड संहिताच गेली. म्हणजे काका मेलेल्या कलमाने जिवंत पोराला धमकावत होते. दहाचं नाणं जवळपास पावणेआठ ग्रॅमचं असतं. वरच्या स्टँडमधून ते सीमारेषेवरच्या फिल्डरच्या कपाळावर बसलं, तर राष्ट्रीय चलनाचा कोणता सन्मान होतो?

पुढचा मुद्दा, 'बाहेरचं पाणी-खाणं अडवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय.' कोर्टाने बरोब्बर उलटं सांगितलंय. ३ जानेवारी २०२३ ला. प्रकरण सिनेमागृहांचं होतं. जम्मू-काश्मीर हायकोर्टाने बाहेरच्या खाण्यावरची बंदी उठवली होती, तो आदेशच सुप्रीम कोर्टाने रद्द केला. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी तर जिलबीचं उदाहरण दिलं: कोणी जिलबी खाऊन चिकट बोटं खुर्चीला पुसली, तर सफाईचा खर्च कोणी करायचा? जागा ज्याची, अटी त्याच्या. लोकहिताला बाधक नसल्या म्हणजे झालं. गोंधळ कुठून आला तेही सांगते. जुलै २०१८ मध्ये तेव्हाचे राज्यमंत्री रवींद्र चव्हाण आपल्या विधिमंडळात म्हणाले होते की मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पदार्थ न्यायला बंदी नाही. पुढच्याच महिन्यात सरकारने हायकोर्टात सूर बदलला. फॉरवर्डवाले मात्र जुलैमध्येच अडकलेत.

मैदानात शिवाय सुरक्षेचा प्रश्न येतो. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, श्रीलंकेविरुद्ध वर्ल्ड कपची सेमीफायनल. आपण ८ बाद १२०, मैदानात बाटल्यांचा पाऊस, स्टँडमध्ये आगी. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडने मॅच श्रीलंकेला देऊन टाकली आणि विनोद कांबळी रडत परतला. हे काका आजही दर दिवाळीला सांगतात, आणि स्वतःची बाटली काढून घेतली की हक्कांवर येतात! २०१५ मध्ये कटकला पुन्हा बाटल्या पडल्या. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली, फेकून मारता येईल अशा वस्तू नेण्यावर पोलीस मनाई आदेश काढू शकतात. २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनात चेपॉकवर बूट भिरकावले गेले आणि चेन्नईच्या आयपीएल संघाच्या पुढच्या घरच्या मॅच पुण्याजवळ गहुंज्याला आल्या. तरी बूट अजून यादीत नाहीत, नशीब समजा.

'परदेशात असलं काही नसतं.' असतं. इंग्लंडमध्ये १९८५ पासून फुटबॉलच्या मैदानांसाठी दारू आणि बाटल्यांचा स्वतंत्र कायदा आहे. अमेरिकेत एनएफएल या त्यांच्या फुटबॉल लीगच्या मॅचना २०१३ पासून मोठी बॅग पारदर्शकच लागते. पुढे.

एक मुद्दा मात्र, दात-ओठ खाऊन का होईना, मान्य. पाण्याची बाटली काढून घ्यायची आणि आत ग्लासाचे पैसे लावायचे, हा धंदाच आहे. जिलबीच्या त्याच निकालात, सिनेमागृहाने पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं, असंही म्हटलंय. ते मैदानाबद्दल नाही, पण तहान काय जागा बघून लागते? आम्ही नळ शोधला, सापडला तेव्हा त्याला पाणी नव्हतं. भांडायचं तर इथे भांडा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. गेटवरच्या पोराला त्यातलं काय मिळतं?

आणि आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. 'औषधं, इन्सुलिन, साखर काहीही आत सोडत नाहीत, नेऊच नका.' चिल्लरीसाठी राजद्रोह आणि इन्सुलिनसाठी शरणागती! काका रोज इन्सुलिन घेतात. या ओळीवर विश्वास ठेवून त्यांनी नेहमीचा पाउच, त्यातली ग्लुकोजची पुडी, सगळं घरी ठेवलं, मला न सांगता. चौदाव्या ओव्हरला त्यांचे हात थरथरायला लागले. मला वाटलं उकाड्याने. मग बोलणं अडखळलं, तेव्हा कळलं, साखर उतरलीय. मी स्टॉलची रांग मोडून कोल्ड्रिंक आणलं, अर्धं त्यांच्या शर्टावर सांडलं, अर्धं पोटात गेलं.

सावरल्यावर मी मोबाईलवर तिकिटाच्या अटी उघडल्या. बारीक अक्षरात लिहिलं होतं: आवश्यक औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह चालतील. काका, झेरॉक्स काढायचाच होता, तर त्या चिठ्ठीचा काढायचा.