व्होल्टेज कमी म्हणजे बिल जास्त? गणित मांडून पाहू

उन्हाळा लागला, संध्याकाळी दिवे मिणमिणायला लागले, की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर पुन्हा फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: वीज कंपनी मुद्दाम कमी व्होल्टेज देते. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला 8.7 अँपिअर करंट घेतो, तोच 180 व्होल्टला 11.1 अँपिअर घेतो. करंट वाढला की मीटर पळतो, बिल वाढतं. म्हणून घराला स्टॅबिलायझर बसवा, बिल आपोआप उतरेल.

आकडे नेमके दिसतात, म्हणून माणसं विश्वास ठेवतात आणि हजारो रुपये घालवतात. त्यामुळे एकेक मुद्दा तपासून बघणं गरजेचं आहे.

आधी गिझर. त्याच्या कॉइलवर जे 2000 वॅट लिहिलेलं असतं ते 230 व्होल्ट मिळाले तरचं. कॉइलचा स्वतःचा गुण म्हणजे तिचा रोध, म्हणजे करंटला ती करते तो अडथळा. व्होल्टेजला करंटने भागा: 230 भागिले 8.7, म्हणजे साधारण 26.4 ओहम. व्होल्टेज उतरलं म्हणून कॉइलची तार बदलत नाही, आणि ही तार ज्या मिश्रधातूची असते त्याचा रोध तापमानानेही फारसा हलत नाही. मग 180 व्होल्टला करंट किती? 180 भागिले 26.4, म्हणजे 6.8 अँपिअर. करंट कमी झाला, वाढला नाही. मेसेजमधले 11.1 अँपिअर खरे धरायचे तर त्याच कॉइलचा रोध 16 ओहमवर यायला हवा, आणि तसं व्हायला काही कारणच नाही. चूक इथे आहे की लिहिणाऱ्याने वॅट कायम धरले आणि करंट काढला. कायम असतो तो रोध.

आता वॅट काढा. 180 गुणिले 6.8, म्हणजे सव्वाबाराशेच्या आसपास. व्होल्टेज 22 टक्क्यांनी उतरलं, पण शक्ती जवळजवळ 39 टक्क्यांनी. कारण व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो आणि गुणाकारात दोन्हींचा फटका बसतो.

मग बिलाचं काय? 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त ऊर्जा लागते. 2000 वॅटला त्यासाठी सोळा मिनिटं लागतील, सव्वाबाराशे वॅटला पंचवीस-सव्वीस. आंघोळीला उशीर होईल, युनिट मात्र जवळपास तेवढंच पडेल. वेळ वाढल्यामुळे टाकीतून थोडी उष्णता निसटते, तेवढाच काय तो फरक.

जुन्या पिवळ्या बल्बचा रोध तापल्यावर खूप वाढतो, हे खरं. तरी कमी व्होल्टेजला त्याचाही करंट उतरतोच, म्हणून तर तो मिणमिणतो.

“करंट वाढला की मीटर पळतो” हे वाक्य तर मेसेजच्याच आकड्यांवर टिकत नाही. 230 गुणिले 8.7 म्हणजे 2000. 180 गुणिले 11.1 म्हणजेही 2000. मीटर वॅट आणि वेळ यांचा गुणाकार मोजतो, नुसते अँपिअर मोजत नाही. टीव्ही, कॉम्प्युटर आणि चांगल्या प्रतीचे एलईडी दिवे खरोखरच असे वागतात: व्होल्टेज उतरलं की करंट वाढवून घेतात, वॅट साधारण तेवढेच राहतात. त्यांचंही बिल वाढत नाही.

या मेसेजला सगळ्यात मोठा खरा आधार आहे तो विहिरीवरच्या मोटारीचा. पंपाचा भार तोच असतो, व्होल्टेज उतरलं की मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, ती मंदावते आणि जास्त करंट ओढते. करंट सव्वापट झाला तर वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर जाते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. मोटार नुसती गुरगुरत राहिली, फिरली नाही, तर काही मिनिटांत जळू शकते. हे नुकसान फार मोठं आहे आणि शेतकरी ते दर हंगामात सोसतात. पण ते रिवाइंडिंगच्या खर्चाचं नुकसान आहे. आपल्याकडे कित्येक कृषिपंपांना मीटरच नाही, आकारणी अश्वशक्तीवर होते. तिथे मीटर पळण्याचा प्रश्नच येत नाही.

राहिला “मुद्दाम”चा आरोप. डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांब गेलेल्या लाइनचा रोध एक ओहम धरा आणि तिच्यातून 30 अँपिअर जाऊ द्या. वाटेतच 30 व्होल्ट गळतात आणि 900 वॅट तारांमध्ये तापून जातात. ही वीज ग्राहकाच्या मीटरपर्यंत पोचतच नाही, म्हणजे तिचे पैसे कंपनीला मिळत नाहीत. अपुरी डीपी, बारीक तारा, तारांवर आकडे टाकून होणारी वीजचोरी, लाइट येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू करणारे ऑटोस्विच ही खरी कारणं आहेत. यातली काही कंपनीची जबाबदारी आहे आणि ती मागितलीच पाहिजे. पण तो हेतूचा नव्हे, दुर्लक्षाचा आरोप होईल.

आणि स्टॅबिलायझर? तो बसवल्यावर गिझरला पुन्हा 230 व्होल्ट मिळतात, पाणी लवकर तापतं. पण तेवढे 2000 वॅट 180 व्होल्टच्या लाइनमधून ओढायचे म्हणजे 11.1 अँपिअर लागणार, वर स्टॅबिलायझर स्वतः तापतो त्याचे वेगळे. मेसेजमधला तो आकडा त्यांनीच सांगितलेल्या उपायाने खरा होतो! शेजाऱ्यांचं व्होल्टेज त्याने आणखी उतरतं. फ्रिजच्या रक्षणासाठी स्टॅबिलायझर घ्या, जरूर घ्या. बिल वाचवायला घेऊ नका. मोटारीला मात्र योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवा. त्याने लाइनमधला करंट कमी होतो आणि लाइनचं व्होल्टेज थोडं सावरतं.

घरगुती पुरवठ्याला नियमाने सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे 230 ला 216 ते 244. 180 व्होल्ट हा उघड नियमभंग आहे. संध्याकाळी व्होल्टेज मोजा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि एका डीपीवरच्या सगळ्या घरांनी मिळून लेखी तक्रार द्या. तक्रारीत बिल वाढल्याचं लिहू नका, ते खोडून काढणं सोपं आहे. मोजलेलं व्होल्टेज आणि जळालेल्या मोटारी लिहा.