सीट वर करून देतो की!

काल संध्याकाळी भर दुकानात, चार गिऱ्हाईकांसमोर, एका अनोळखी काकांनी माझ्या काखेत सायकलचं सीट खुपसलं आणि मी ते मुकाट खुपसू दिलं. राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहितोय.

माझी उंची ६ फूट ३ इंच. ऑफिसातली टाळकी रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सायकली घेऊन जातात, त्यांच्या नादाने मलाही एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, घ्यायची होती. झाली प्रस्तावना.

दुकानातल्या पोराने मला खालून वर बघितलं (सगळेच तसं बघतात) आणि म्हणाला, "सर, तुम्हाला ट्वेंटी नाइन लागणार."

म्हटलं, "ते चाक झालं. फ्रेम किती इंची?"

"ट्वेंटी नाइनच सर. सगळ्यात मोठी."

म्हटलं अरे बाबा, चाक २९ असलं तरी फ्रेम १५ पासून २१ पर्यंत कुठलीही असू शकते. त्यावर त्याने काही न बोलता टायरवर छापलेला आकडा बोटाने दाखवला. मी वाकून सीटच्या नळीवरचा स्टिकर शोधला, तर तिथे १७. "सतरा आहे ही," म्हटलं. तर म्हणे, "मग काय झालं? सीट वर करून देतो की!"

या वाक्याने माझं डोकं उठलंय. प्रत्येक दुकानात हेच. आता माझं गणित बघा, घरी करून गेलो होतो. भिंतीला पाठ टेकून, पायांत जाड पुस्तक धरून, बायकोला टेप लावायला सांगून (तिचं हसू आवरेपर्यंत पुस्तक दोनदा पडलं) पायाचं आतलं माप निघालं ९१ सेंटिमीटर. त्याला ०.८८३ ने गुणायचं, की बीबीपासून, म्हणजे पॅडलच्या मधल्या ऍक्सलपासून, सीट किती उंच हवं ते येतं. माझं आलं साधारण ८० सेंटिमीटर. १७ इंची फ्रेम म्हणजे सीटची नळी ४३ सेंटिमीटरची, सीट आणि क्लॅम्पचे धरा ५, उरले ३२. सोबत येणारी सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, ३५ सेंटिमीटरची, त्यातले दहाएक सेंटिमीटर फ्रेमच्या आत राहायलाच हवेत, त्यासाठीच तर तिच्यावर रेघ मारलेली असते. म्हणजे बाहेर येणार २५ आणि मला हवेत ३२. हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, "त्या रेघेचं काय नसतं सर." रेघेच्या वर काढली तर पोस्ट नळीला आतून पहारीसारखी उचकटते आणि फ्रेमला तडा जातो, आणि तडा गेला की हाच पोरगा म्हणणार की वॉरंटीत बसत नाही, तुम्ही रेघेच्या वर का काढली.

इथे काकांची एंट्री.

काका कडेला स्टुलावर बसले होते. वाल ट्यूब घ्यायला आले होते, ती रबराची इवलीशी नळी असते ना, ती. बाहेर त्यांची काळी चोवीस इंची फ्रेमची सायकल स्टँडवर लावलेली, चेनकव्हरवर तेलाचा डाग नाही. आमचं बोलणं ते मॅच बघितल्यासारखं ऐकत होते, शेवटी राहवेना.

"किती उंची तुझी?"

"सहा तीन."

"वडील उंच होते?"

"नाही, मामा."

"हां, मामाकडूनच येतं ते. मग तू चोवीस घे. बावीस पुरायची नाही तुला."

"काका, आता एमटीबीत चोवीसची फ्रेम येत नाही."

"का? माणसं बुटकी झाली?"

मी समजवायला गेलो (कशाला गेलो?) की जुन्या सायकलची वरची नळी आडवी सपाट असायची, आताची मागे उतरत येते, टेकडीवर अचानक उतरावं लागलं तर पाय टेकताना नळी नको तिथे लागू नये म्हणून. म्हणून सीटची नळी आखूड झाली, आणि म्हणून आताचा २१ म्हणजे तेव्हाचा २१ नव्हे. काकांनी हे नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे नळी वाकडी आहे."

"वाकडी नाही, उतरती."

"तेच. मग डबल सीट कुठे बसवणार? मी हिला नळीवर बसवून पर्वतीपर्यंत नेलंय."

यावर काय बोलणार. पण काका आता उठले होते. "चाक केवढं म्हणालास? एकोणतीस? आमचं अठ्ठावीस. आण रे बाहेर," असं म्हणत त्यांनी पोराकडून ती सायकल पायरीवरून उतरवून घेतली, आपलीला खेटून उभी केली आणि दोन्ही रिमांवर आडवा तळहात धरून दाखवला. काकांची रिम मोठी! पोरगा गार. आता वाईट याचं की काका बरोबर होते. त्या काळ्या सायकलीची अठ्ठावीसची रिम ६३५ मिलिमीटरची, आणि ट्वेंटी नाइनची ६२२, उरलेलं सगळं टायरचं मांस. हे मला माहीत होतं, पण काकांना कळू द्यायचं नव्हतं. "इंच चोरतात हे लोक," काका म्हणाले, आणि तिथून पुढे ते दुकानाचे मालक झाले.

"पुस्तकबिस्तक लावून माप घेतात होय? इकडे ये." पोराने तोवर सायकल परत आत आणून सीट रेघेपर्यंत वर केलेलं होतंच. काकांनी माझा दंड धरला, सीट माझ्या काखेत घातलं आणि हात नळीला समांतर ताणून बोटं ऍक्सलला लावायला सांगितलं. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत जेवढा हात तेवढी सीटची उंची, ही जुनी रीत. मी अर्धा वाकलेलो, काखेत सीट, बोटं ऍक्सल सोडून पार खाली. नेमक्या त्याच वेळी एक बाई मुलीला घेऊन आत आल्या, आणि ती मुलगी केवढ्यांदा म्हणाली, "आई, त्या काकांना काय झालंय?"

काका मी!

"बघ," खरे काका विजयाने म्हणाले, "लहान होतेय ही तुला. काखेत कळसा आणि गावाला वळसा." अहो, मी गेला पाऊण तास दुसरं काय सांगत होतो? पण नाही. पोराने ते माझ्याकडून नाही मानलं, काकांकडून लगेच मानलं. "हो सर, लहानच होतेय," म्हणाला. मग त्याला आठवलं की काकांची वाल ट्यूब द्यायचीये, तर तो डबा अगदी वरच्या फळीवर आणि स्टुलावर काकांची पिशवी, म्हणून मलाच सांगितलं, सर तेवढा डबा काढता का. काढला. काकांनी डब्यातल्या ट्यूबा एकेक ताणून बघितल्या. "साइज बरोबर लागते रे, नाहीतर हवा राहत नाही," मला म्हणाले. फुकट घेऊन गेले.

हे डबा प्रकरण काही नवीन नाही. उंच माणूस म्हणजे गावाची शिडी. लग्नात तोरण, सोसायटीत ट्यूबलाइट, घरी माळा. आणि बदल्यात काय, तर एसटीत गुडघे पुढच्या सीटच्या पत्र्यात, ट्रेनमध्ये साइड बर्थ मिळाला की रात्रभर शरीराची घडी, आणि ओट्याशी भांडी घासली की दुसऱ्या दिवशी कंबर. वर "तिकडे वर हवा कशी आहे" हा विनोद प्रत्येकाला आपणच पहिल्यांदा केला असं वाटतं.

आणि मुळात सीट वर केल्याने सायकल उंच होते, लांब होत नाही, हे कुणाला कळतच नाही. सीटची नळी मागे कललेली असते, त्यामुळे सीट वर जाताना थोडं मागेही जातं, वजन सगळं मागच्या चाकावर. टेकडीचा खडा चढ आला की पुढचं चाक तरंगायला लागतं. उताराला उलटं, हँडल खाली आणि आपण वर, आता डोक्यावर पडतो असं वाटतं. सीट खालीच ठेवलं तर गुडघे धरतात, आणि दिसतोही असा की बालवाडीच्या पालकसभेत छोट्या खुर्चीवर बसवलेला बाप. खरं बघायचं असतं ते रीच, म्हणजे ऍक्सलपासून हँडलच्या नळीच्या डोक्यापर्यंतचं आडवं अंतर, आणि स्टॅक, म्हणजे तेच उभं. उभं राहून चालवताना जागा मिळते ती त्यात. एल आणि एक्सएल मापाच्या फ्रेमच्या रीचमध्ये फरक असतो दोन-अडीच सेंटिमीटरचा, ऐकायला काहीच नाही, गुडघा हँडलला आपटला की कळतो. बरं, कंपनीचा चार्ट बघावा तर मी एलमध्येही बसतो आणि एक्सएलमध्येही. माझे हात लांब आहेत म्हणून मी एक्सएल म्हणतोय, पण बसून बघायला एक्सएल आहेच कुठे? दुकानात एम चार-पाच, एल एखादी. एक्सएल ऑर्डर करावी लागते, आधी पैसे भरून, परत घेणार नाहीत. एवढ्या पैशांची वस्तू न बघता घ्यायची, का, तर मी उंच आहे. साध्या शर्टालाही ट्रायल रूम असते हो. बुटक्या लोकांचेही असेच हाल असतात म्हणे, एक्सएस शोधून दाखवा, पण त्यांचं त्यांनी लिहावं.

शेवटी भरले पैसे. आज सकाळी त्या पोराचा फोन, की सर, एक्सएल मिळेल पण फक्त पोपटी रंगात. काळी, निळी, राखाडी सगळी एलपर्यंत. म्हटलं असं का? म्हणाला, "एक्सएल कोण घेतं सर?" बुटांचंही माझ्या नंबरात हेच असतं, जे कुणी घेतलं नाही ते उरतं, आणि ते नेमकं का कुणी घेतलं नाही ते बघितल्याबरोबर कळतं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, पोपटी तर पोपटी, निदान लांबून दिसशील तरी.

लांबून मी तसाही दिसतोच.