भिशीच्या डब्याएवढी तरी अक्कल

आज डोकं फिरलंय. दोनदा लिहून पुसलं, आता जे होईल ते होईल.

सकाळी भावाच्या पोराच्या शाळेत पालकसभा होती. वहिनीला रजा मिळाली नाही, म्हणून आत्या गेली, म्हणजे मी. शाळेचं नाव लिहीत नाही, कमेंटमध्येही विचारू नका. सभा कसली, एका ‘स्मरणशक्ती विकास’ कोर्सची जाहिरातच होती. टाय लावलेला एक तरुण, प्रोजेक्टर, आणि भिंतीवर दोन खांब. एक हिरवा, उंच. एक लाल, बुटका. हिरवा म्हणजे कोर्स केलेली मुलं, लाल म्हणजे न केलेली. खांबांच्या कडेला आकडे नव्हते, ते सोडा. फी नऊ हजार. अख्खा हॉल ‘अरे वा’ करत होता.

मी हात वर केला. विचारलं, “कोर्स कुणी करायचा आणि कुणी नाही, हे ठरवलं कुणी?”

तो अगदी अभिमानानं म्हणाला, “पालकांनीच, मॅडम! कुणावर जबरदस्ती नाही. ज्यांची इच्छा होती त्यांनी मुलं पाठवली.”

अरे बाबा! नऊ हजार ज्या घरातून सहज निघतात, त्या घरात पोराला वेगळी खोली असते, गणिताची वेगळी शिकवणी असते, संध्याकाळी आई पुस्तक घेऊन शेजारी बसते. त्या हिरव्या खांबात कोर्स किती, शिकवणी किती आणि आई किती, हे सांग की मर्दा! एवढं बोलायला मी उठणार, तोवर मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ.” शेवटी काय आलं, तर बटाटेवडा आणि चहा.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते हे तुम्हाला माहीत आहे. दर वर्षी पोरं घडाघडा म्हणून दाखवतात, प्रायोगिक गट म्हणजे काय, नियंत्रित गट म्हणजे काय. एका गटाला काहीतरी द्यायचं, दुसऱ्याला नाही, बाकी सगळं सारखं ठेवायचं, शेवटी दोघांना मोजायचं. इतकं सोपं. चार मार्कांचा प्रश्न आहे. पण कोण कुठल्या गटात बसणार हे कुणी ठरवायचं, ते एकही पोरगं विचारत नाही. सगळा खेळ तिथंच तर आहे.

आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीतली भिशी बघा. बारा बायका, स्टीलचा डबा, घडी घातलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठी कोण काढतं? भिशी चालवणारी काढते का? काढून बघू दे, तिथंच भांडण लागेल. गल्लीतलं सगळ्यात लहान पोर बोलावतात, ज्याला अजून वाचता येत नाही असं. कारण त्याला कुणाची बाजू घ्यायची अक्कलच नसते. याला आम्ही पुस्तकात ‘यादृच्छिक विभाजन’ म्हणतो आणि पोरांच्या तोंडाला फेस आणतो. मंगळवार पेठेतल्या बायकांना जे कळतं, ते टाय लावलेल्या माणसाला कळत नाही.

आता खरं सांगते. मला सकाळी एवढा राग का आला? तर हेच पाप मी केलंय. १९९७ साली, एम.ए.च्या प्रबंधात, इथंच.

विषय होता ओंकार जप आणि एकाग्रता. सकाळी सहाला वीस मिनिटं ओंकार, असं महिनाभर. नंतर एक छापील कागद द्यायचा, त्यावर ओळीनं अक्षरं. त्यातलं एक ठरावीक अक्षर दिसलं की काट मारायची, दोन मिनिटांत जितकी होतील तितकी. सर म्हणाले, “तीस-तीस मुली घे.” सहाला कोण येणार? हॉस्टेलच्या मुली. म्हणून त्या प्रायोगिक गटात. आणि नियंत्रित गटात कोण? ज्यांना सहाला येणं शक्यच नव्हतं त्या. म्हणजे एस.टी.नं येणाऱ्या.

त्यात एक राधानगरीकडची होती. बारीक, दोन वेण्या, दप्तराऐवजी कापडी पिशवी. ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, “ताई, मलापण त्या ओंकारवाल्या गटात टाका की.” मी म्हणाले, “अगं, तू बसनं येतेस, तुला कसं जमणार?” ती बरं म्हणाली आणि गेली. तो ‘बरं’ अजून माझ्या कानात आहे.

निकाल काय लागायचा तो लागला. ओंकारवाल्या मुली पुढं. टी टेस्ट लावली, फरक सार्थ आला (म्हणजे नुसत्या योगायोगानं सहसा येणार नाही इतका), सर खूष, मला फर्स्ट क्लास. घरी आईनं पेढे वाटले.

कसली तुलना केली होती मी? एका बाजूला पोटभर झोपलेल्या, तेही स्वतःहून पहाटे उठायला तयार झालेल्या मुली. दुसऱ्या बाजूला पहाटे चारला उठून, धारा काढून, बसमध्ये उभ्यानं पन्नासएक किलोमीटर आलेल्या मुली. आणि हो, हॉस्टेलच्या मुलींना मी थर्मासमधून चहा न्यायचे, आल्याचा. रोज त्यांच्याशी गप्पा मारायचे. दुसऱ्या गटाची मी महिनाभर चौकशीसुद्धा केली नाही. म्हणजे माझा प्रयोग ‘झोप अधिक चहा अधिक ताई अधिक ओंकार’ विरुद्ध ‘काहीच नाही’ असा होता, आणि सगळं श्रेय मी ओंकाराला देऊन टाकलं.

दुसऱ्या गटालाही काहीतरी द्यायला हवं होतं. त्याच वेळी, तेवढाच वेळ, त्याच ताईबरोबर. वीस मिनिटं गोष्ट वाचून दाखवली असती तरी चाललं असतं. आणि गट चिठ्ठ्यांनी पाडले असते, तर मग फरक फक्त ओंकाराचा राहिला असता.

सकाळच्या त्या टायवाल्यानं मोझार्टही काढला, तो पाश्चात्त्य संगीतकार. “मोझार्ट ऐकून आयक्यू वाढतो, सायन्सनं सिद्ध केलंय.” काय सिद्ध केलंय? १९९३ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटा लेख आला. कॉलेजातली ३६ पोरं, दहा मिनिटं संगीत, नंतर कागद दुमडून कापला तर कसा दिसेल असली कोडी. फायदा दिसला, पण दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात एकही बाळ नव्हतं. तरी १९९८ ला अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरनं तिथल्या प्रत्येक नवजात बाळाला असलं संगीत वाटायला १,०५,००० डॉलर मागितले. मूळ लेख लिहिणाऱ्यांनी गट बरे पाडले असतील, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण तिथून या शाळेच्या हॉलपर्यंत येता येता त्याचं काय झालं बघा.

कुणीतरी म्हणणारच, की हुशारी, वय, घरची परिस्थिती बघून जोड्या लावल्या तर चिठ्ठ्या कशाला? चांगला प्रश्न आहे. खासबाग मैदानात कुस्ती लावताना जोड बघतातच की. वजन, वय, तालीम. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरानं स्कर्व्ही (क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा आजार) झालेले १२ खलाशी निवडले, ते असेच एकमेकांसारखे आजारी बघून. एकाच ठिकाणी ठेवले, जेवण एकच, आणि दोघादोघांना वेगवेगळं औषध. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, दोघांना संत्री-लिंबू. संत्री-लिंबूवाले आठवड्याच्या आत उठून बसले. (इंग्लंडच्या आरमारानं लिंबूरस सगळ्यांना द्यायला १७९५ उजाडलं. सरकारी काम तिकडंही तसंच.) तर जोड लावणं चांगलंच. पण जोड तुम्हाला दिसतं त्याचीच लागते. पहाटे धार कोण काढून आलंय, हे माझ्या कागदावर कुठं होतं? जे आपल्याला सुचतच नाही, ते दोन्हीकडं सारखं वाटायला चिठ्ठीच लागते. जोड लावा आणि मग जोडीतला कोण कुठं, ते त्या लहान पोराला काढू द्या. दोन्ही होतं.

मानसशास्त्राला हे उशिरा कळलं असंही नाही. १८८४ च्या सुमारास पर्स आणि जॅस्ट्रो या दोघा अमेरिकन संशोधकांनी हातावरच्या वजनातला बारीक फरक माणसाला कळतो का, हे तपासताना पुढची खेप कुठली हे पत्ते पिसून ठरवलं. लाल की काळा. पत्त्यांचा कॅट! आमच्याकडं तर प्रत्येक कट्ट्यावर आहे.

बरं, चिठ्ठ्यांनी सगळं होतं असंही नाही, ते मान्य करते. तीस-तीसमध्ये योगायोगानं एका बाजूला हुशार पोरी जास्त जाऊ शकतात. आणि तीस हा आकडा कुठल्या देवानं सांगितलाय? मध्यम आकाराचा फरक खरोखर असेल आणि तो दहापैकी आठ वेळा सापडायला हवा असेल, तर प्रत्येक गटात ६४ जणं लागतात. तीस-तीस घेतले तर सापडणं न सापडणं जवळपास छापा-काट्यावर. तरी आजही पोरं ‘सर म्हणाले तीस’ म्हणून तीसच घेतात. मीही घेतले. आणि खरं सांगू, मार्गदर्शक म्हणून मीही कित्येकांना तीस सांगितलेत. एम.ए.च्या पोराला १२८ माणसं कोण देणार? असो.

स्टॉपवॉचचं सांगायचं राहिलंच.

ते माझ्या हातात होतं. कोण कुठल्या गटातली, मला पाठ. दोन मिनिटं झाली की “थांबा” म्हणायचं. हॉस्टेलच्या एखादीचा पेन ओळीच्या मध्यात असेल, तर माझा अंगठा अर्धा सेकंद थांबला का? त्या राधानगरीच्या पोरीच्या वेळी थांबला का? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. १९६३ साली रोझेंथाल आणि फोड या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना साधे, एकसारखे उंदीर दिले. काहींना सांगितलं तुमचे हुशार जातीचे, काहींना सांगितलं तुमचे ढ. ‘हुशार’ उंदरांनी वाटा लवकर शिकल्या. उंदीर सारखेच, डोक्यातलं फक्त वेगळं. हे मी दर वर्षी हसत हसत शिकवते. म्हणून मोजणाऱ्याला गट माहीत नसावा, कागदावर नावाऐवजी फक्त नंबर असावा. एका मैत्रिणीला बोलावून स्टॉपवॉच तिच्या हातात दिलं असतं की झालं होतं. खर्च शून्य.

सभा संपल्यावर मी मुख्याध्यापकांना गाठलं. म्हटलं, कोर्स घ्यायचाच आहे ना, तर घ्या. इच्छुक मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाका. निम्म्यांना आत्ता, निम्म्यांना दिवाळीनंतर. कुणाचं नुकसान नाही, सगळ्यांना मिळणार. दिवाळीच्या आधी दोघांची एकच परीक्षा घ्या आणि पेपर दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाकडून तपासून घ्या. फरक आला तर मी स्वतः नऊ हजार भरते.

ते म्हणाले, “मॅडम, मुलांच्या भवितव्यावर असे प्रयोग करायचे का?”

तिथं मी गप्प बसले. उत्तर घरी येऊन, भांडी लावताना सुचलं. अहो, प्रयोग तुम्ही करताच आहात, सर. नऊ हजार घेऊन करताय. फक्त हिशेब ठेवत नाही.

पण त्यांच्यावर तरी किती चिडायचं? त्यांच्या मागं संस्था, संस्थेमागं इमारतीचं कर्ज. तो टायवाला पोरगाही पंचविशीतलाच असेल, त्याला टार्गेट असणार. वडा खाताना माझ्याशेजारीच उभा होता. “मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण स्लाइड वरून येतात” म्हणाला. त्याच्या शर्टावर चटणी सांडली होती, ती तो रुमालानं पुसत होता. माझा राग तिथंच अर्धा गेला होता.

दुपारी माळ्यावरून प्रबंध काढला. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, वाळवी कशी लागली नाही कोण जाणे. मागं परिशिष्टात कच्चे गुण हातानं लिहिलेत. नियंत्रित गट, अनुक्रमांक १७. गुण सगळ्यात कमी. समोर पेन्सिलनं, माझ्याच अक्षरात, बारीक लिहिलंय, ‘बस लेट’.

म्हणजे मला तेव्हाच माहीत होतं.

१९९६-९७ च्या हॉस्टेलच्या मुली इथं दोघी-तिघी तरी आहेत. राधानगरीच्या बसनं यायची, दोन वेण्या, कापडी पिशवी, रंकाळा स्टँडवरून चालत यायची, ती आता कुठं असते, कुणाला माहीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. नाव इथं टाकू नका.