जेट स्कीच्या बुडातलं पाणी आणि तेल : त्या पाच उपायांच्या नादी लागू नका

‘जेट स्कीच्या बुडात पाणी आणि तेल दिसतंय? मेकॅनिकला पैसे घालवू नका, हे पाच उपाय करा’ असा मेसेज सध्या वॉटर स्पोर्ट्सवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. देवबागच्या माझ्या मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, चौथा उपाय संध्याकाळी करतोय.’ लगेच फोन करून त्याला थांबवलं. मालवणात बोटींच्या इंजिनांची कामं करणारा माणूस म्हणून हे वाचून माझं डोकं फिरलं, कारण या उपायांनी मेकॅनिकचे पैसे वाचणार नाहीत, अख्खं इंजिन जाईल.

म्हणून चौथ्यापासूनच सुरुवात करतो. मेसेज म्हणतो, ‘मशीन किनाऱ्यावर घ्या, पाण्याचा पाईप जोडून नळ पूर्ण उघडा, पाच मिनिटांनी इंजिन सुरू करा, गळती दिसेल.’ गळती दिसेल की नाही कुणास ठाऊक, पाणी मात्र इंजिनात शिरेल. पाईपमधून आत गेलेलं पाणी शेवटी एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर जायच्या वाटेत, उतरतं आणि चालू इंजिनाचा धूर त्याला बाहेर ढकलतो. इंजिन बंद असेल तर ढकलणार कोण? वॉटर बॉक्स, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेतला डबा, भरतो, पाणी उलटं चढतं आणि सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही. वर आलेला पिस्टन त्याच्यावर आदळला की त्याला धरणारा दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. यामाहा, कावासाकी, सी-डू, कुठलंही मॅन्युअल उघडा, क्रम एकच आहे : आधी इंजिन सुरू, लगेच नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. मॅन्युअल मशीनसोबतच मिळतं. सीटखालच्या पिशवीत पडलेलं ते पुस्तक उघडायचं सोडून लोक फॉरवर्ड वाचतात, याचा मला खरोखर राग येतो.

दुसरा उपाय, ‘मागचे दोन्ही ड्रेन प्लग काढा आणि फुल थ्रॉटल मारा, पाणी आपोआप निघेल.’ मशीन वेगात असताना काही पाणी निघेलही. पण वेग कमी झाला की मागची बाजू खाली बसते आणि त्याच भोकांतून समुद्र आत येतो. मागे पर्यटक बसलेला असेल तर काय होईल ते सांगायला नको. मुळात हे काम करायला मशीनमध्ये बेलर असतो. जेट पंपातून जोरात निघणारं पाणी एका बारीक नळीतून बुडातलं पाणी ओढून घेतं. हळू चालवताना तो फारसा ओढत नाही. तो काम करत नसेल तर त्याच्या जाळीत काय अडकलंय ते बघा. परवाच एका मशीनच्या जाळीतून वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा आणि वाळूचा गोळा काढला. या नळीला वर एक वळण असतं आणि वळणाच्या माथ्यावर बारीक छिद्र. ते मिठाने बुजलं की नांगरलेल्या मशीनमध्ये त्याच नळीतून पाणी उलटं येऊ शकतं. रात्री कोरडं ठेवलेलं मशीन सकाळी भरलेलं दिसतं ते बऱ्याचदा यामुळे.

शोध इथूनच सुरू करायचा. उभ्या मशीनमध्ये पाणी येतंय की चालवल्यावर? उभ्यात येत असेल तर बेलरची नळी, ड्रेन प्लगचे ओ-रिंग (रबरी कड्या) आणि शाफ्टचं, म्हणजे इंजिनातून जेट पंपाकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचं, सील बघा. फक्त चालवल्यावर येत असेल तर कूलिंगच्या नळ्या, एक्झॉस्टचे क्लॅम्प आणि पुन्हा शाफ्टचं सील. सी-डूमध्ये तिथे कार्बन रिंग असते. ती झिजली की शाफ्टच्या आजूबाजूला, बुडाच्या भिंतींवर गोल फवारा उडाल्यासारखे डाग दिसतात. टॉर्च मारला तर चुकत नाहीत.

पाचवा उपाय या जागी सिलिकॉन फासायचा आहे. फिरत्या भागावर सिलिकॉन टिकत नाही. रिंग बदला.

पहिला मुद्दा, ‘थोडं पाणी असतंच’, हे अर्धं खरं आहे आणि ते मान्य करावं लागतं. दिवसभर चालवल्यावर पेलाभर पाणी निघालं तर घाबरण्यासारखं काही नाही. पण मेसेज तिथे थांबत नाही, ‘बादलीभर निघालं तरी चालतं’ म्हणतो. नाही चालत.

तिसरा उपाय सगळ्यात घाणेरडा. ‘तेल दिसलं तर कपडे धुण्याची पावडर टाका, ढवळा, समुद्रात सोडा, तवंग दिसणार नाही.’ तवंग दिसणार नाही, तेल तिथेच राहील. पावडर तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळते. तरंगणारं तेल फडक्याने टिपता आलं असतं, ते आता टिपताही येत नाही. आणि हे कुठे सोडायचं? सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहे. तेच दाखवून आपण स्नॉर्कलिंगचे पैसे घेतो.

तेल टिपा, आणि ते आलं कुठून ते शोधा. ऑइल फिल्टरचा ओ-रिंग बघा, मग इंजिनातल्या तेलाची पातळी. तेल मोजायच्या काठीवरच्या खुणेच्या वर तेल भरलं असेल तर जास्तीचं तेल एअरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या डब्यात, जातं आणि तिथून खाली ठिबकतं, म्हणजे गळती नाहीच, भरणाऱ्याची घाई आहे. काठीवरचं तेल दुधी दिसलं तर पाणी इंजिनात गेलंय. तेव्हा स्टार्ट न मारता मेकॅनिकला बोलवा. मशीन उलटल्यावर ते चुकीच्या बाजूने सरळ केलं तरी हेच होतं. कुठून फिरवायचं त्याचा बाण मागच्या स्टिकरवर असतो.

या मेसेजमध्ये एक गोष्ट कुठेच नाही आणि तीच जिवावरची आहे. बुडात दिसणारा पातळ, रंगीत तवंग पेट्रोलचा असू शकतो. म्हणून दर वेळी स्टार्ट मारण्याआधी सीट उघडून हवा जाऊ द्या आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर स्टार्टर दाबू नका, इलेक्ट्रिक पंपही लावू नका. बॅटरीला हात न लावता माणसं लांब करा आणि इंधनाची नळी कुठे सुटलीय ते मेकॅनिकला बघू द्या.