सेकंदाला चौदा इंच

भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या माणसाला घरचे लोक सहन कसे करतात, हा प्रश्न कोणत्याच परीक्षेत येत नाही. हा गृहस्थ सायकलवर निघतो, अंतर किलोमीटरमध्ये मोजतो, वेळ मिनिटांत लावतो आणि पोचल्यावर हिशेब मागतो मीटर प्रति सेकंदात. एवढी उठाठेव सांगितली कुणी? आमच्या नागपुरात ‘किती दूर आहे जी?’ असं विचारलं की ‘हे काय, इथंच तं आहे’ असं उत्तर मिळतं, आणि ते बर्डीपासून कोराडीपर्यंत कुठल्याही अंतराला चालतं. ज्या शहराची खूणच झिरो माइल, तिथे किलोमीटरची तरी किती पत्रास ठेवायची?

नववीतला भाचा घटक चाचणीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे पाठवला जातो, कारण वहिनीच्या मते ‘ताईंचं तर दिवसभर मोजमापच असतं’. मी ब्लाउज शिवते. माझ्या टेपला एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. गिऱ्हाईक छाती इंचात सांगतं आणि कापड मीटरवर आणतं. आईचं नऊवार लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरला जरा कमी, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्यामुळे वहिनीचं म्हणणं खोडून काढता येत नाही. पण माझ्या धंद्यात कापड जागचं हलत नाही हो! सेकंद मध्ये येतात ते फक्त दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, गिऱ्हाईक दारात उभं असताना.

पहिलंच गणित. एक मुलगा ७.२ किमी अंतर २० मिनिटांत कापतो, त्याची चाल मी/से मध्ये काढा. भाच्याने ७.२ ला २० ने भागलं, ०.३६ आलं, आणि त्यापुढे ठसक्यात ‘मी/से’ लिहिलं.

“हे मीटर कुठून आले बे?”

“प्रश्नात तेच मागितलं आहे नं, आत्या.”

मागितलं ते दिलं, असा त्याचा साधा व्यवहार. मी टेप काढला आणि जमिनीवर अंथरला. ०.३६ मीटर म्हणजे ३६ सेंटीमीटर, उलटी बाजू पाहिली तर चौदा इंचाला किंचित वर. आमची फरशी फूटभराची, म्हणजे एक फरशी आणि वर दोन बोटं. “एका सेकंदात एवढंच जायचं. चाल बरं.” त्याने मोबाइलवर सेकंद लावले आणि फरश्या मोजत निघाला. तेवढ्यात आई देवळात जायला बाहेर आली. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई गुडघा दाबत दाबत त्याच्या शेजारून पुढे निघून गेली आणि दारातून वळून म्हणाली, “काहून रे, कंबर धरली का?”

मग गाडी रुळावर आली. ७.२ किलोमीटरचे ७२०० मीटर, २० मिनिटांचे १२०० सेकंद, भागाकार ६. सेकंदाला सहा मीटर, म्हणजे आमचा हॉल आणि स्वयंपाकघर एका दमात पार. ताशी २१.६ किलोमीटर. बर्डीच्या गर्दीतून सायकलवर कुणी हे करून दाखवलं तर मी त्याला सदरा फुकट शिवून देईन.

खरा घोळ पुढे होता. किमी/तासाचे मी/से करायला शिकवणीत त्यांना ‘पाच छेद अठराने गुणा’ हा मंत्र दिलेला आहे. किलोमीटरमध्ये हजार मीटर, तासात ३६०० सेकंद. हजार भागिले छत्तीसशे, काटछाट केली की पाच छेद अठरा. एवढं साधं. पण मंत्राची पोटातली गोष्ट सांगितली नाही की वर काय आणि खाली काय हे नाणं उडवून ठरवावं लागतं. भाच्याने ७२ किमी/तास घेऊन अठरा छेद पाचने गुणलं आणि २५९.२ मी/से काढले. पोरगं निश्चिंत होतं, कारण दशांशचिन्ह आलं की उत्तर त्याला भारदस्त वाटतं. मी उलटा हिशेब केला: ताशी ९३३ किलोमीटर! म्हणजे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पाऊण तासात खलास, टोलला थांबायची भानगड नसेल तर.

माझा उपाय मंत्राचा नाही, अंदाजाचा आहे. मीटर-सेकंदातला आकडा किलोमीटर-तासातल्या आकड्यापेक्षा लहानच यायला हवा, साडेतीन पटीहून थोडा अधिक लहान. ७२ चे २०. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये शंभर मीटर ९.५८ सेकंदांत कापले. सेकंदाला साडेदहा मीटरसुद्धा नाहीत. जगातला सगळ्यात वेगवान माणूस सरासरी ताशी साडेसदतीस किलोमीटर! वर्धा रोडवर धावला तर मागची स्कूटीवाली पोरगी हॉर्न देऊन देऊन त्याला कडेला घेईल.

“पण युनिट नाही लिहिलं तर फक्त अर्धाच मार्क जातो,” भाचा म्हणाला. अर्धाच! १९९९ साली मंगळाजवळ पोचलेलं नासाचं यान गेलं ते याच पायी. एका बाजूने आकडे पाउंडात धाडले, दुसऱ्या बाजूने ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालले, आणि यान नको तितकं खाली उतरलं. एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांत एकाने तरी विचारायचं नं! माझ्याकडे बाई फोनवर ‘ब्याण्णव’ म्हणाली की मी आधी विचारते, इंच की सेंटी? मगच कात्री हातात.

एवढ्यात आई परतली आणि भाच्याने तिच्यावरच गणित घातलं. आजी घरून देवळात गेली, देवळातून घरी आली, तर विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, शून्य. पुस्तकात चाल कापलेल्या अंतरावरून काढतात आणि वेग विस्थापनावरून, म्हणून सरासरी वेग शून्य.

“शून्य कसा? माझे गुडघे तं बोलून राहिले.”

“आजी, चाल आहे तुझी. वेग नाही.”

“तुझ्या आजोबांचंही तेच म्हणणं होतं. दिवसभर घरीच तं असते, करते काय?” असं म्हणून ती तांदूळ निवडायला बसली. यावर त्याच्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

साडेसातला भावाचा फोन आला, पोराला न्यायला येतोय म्हणून. “बुटीबोरीहून निघालो, दहा मिनिटांत पोचतो.” फोन स्पीकरवर होता. भाच्याने वही ओढली. तीस किलोमीटर, दहा मिनिटं. तीस हजार मीटर, सहाशे सेकंद. “बाबा, पन्नास मीटर प्रति सेकंद! ताशी एकशे ऐंशी!” सगळी एककं जागेवर, भागाकार बरोबर. मला इतका आनंद झाला की क्षणभर भावाची काळजीच वाटली नाही.

आई मात्र हलली नाही. “त्याची दहा मिनिटं म्हणजे आपला एक तास,” ती म्हणाली आणि कुकर खाली ठेवून दिला. साडेआठला तिने वरणाला फोडणी दिली आणि खाली गेटपाशी गाडीचा हॉर्न वाजला. भाच्याने वहीच्या समासात लिहून घेतलं: बाबा, गुणिले सहा.