म्हादईचं पाणी ‘वाया’ जातं म्हणणाऱ्यांसाठी

म्हादईचा विषय निघाला की बेळगावात एक वाक्य हमखास ऐकू येतं : पाणी समुद्रात वाया जातं. कर्नाटक-गोवा पाणीवाटपाच्या लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला दिलेले 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पुष्कळांना पाठ आहेत. पण खानापूरच्या रानातून निघालेली ही नदी पुढे गोव्यात मांडवी होऊन चोडण बेटाच्या कांदळवनाला गाळ आणि गोडं पाणी देते, ते कुणाच्याच हिशोबात नसतं.

अशा वनात झाडावर चढणारे खेकडे असतात. भरतीबरोबर मोठे मासे मुळांत शिरतात, तेव्हा खेकडा खोडावर सरकतो आणि पाण्याच्या जरा वर थांबतो. काही जाती मुळांपर्यंतच येतात, काही थेट शेंड्याला जाऊन ताजी पानं खरवडतात. केरळात कासरगोड जिल्ह्यातून नोंदला गेलेला लेप्टार्मा बिजू असाच झाडावर राहणारा.

वर गेला तरी कल्ले ओले लागतातच. तोंडाजवळून बाहेर आलेलं पाणी अंगावरच्या बारीक केसांच्या जाळीवर पातळ पसरतं, हवा घेतं आणि पायांच्या बुडाजवळच्या फटीतून परत कल्ल्यांत शिरतं. तेच पाणी फिरत राहतं. उन्हात ते आटलं की सावली धरायची, नाहीतर खाली उतरायचं. अळ्या सोडायला तर मादीला पाण्याशी यावंच लागतं. झाड वाचवलं आणि खालचा चिखल भराव टाकून बुजवला, तर खेकडा जगत नाही.

कांदळवनाची लागवड करणारे त्याला शत्रू मानतात, कारण तिवराचं बी तो खातो. बिळांनी गजबजलेल्या जागी नुसतं बी टाकलं तर फारसं हाती लागत नाही, हे खरंच. म्हणून खेकडे मारणं मात्र शुद्ध अडाणीपणा. ऑस्ट्रेलियात प्रयोगासाठी खेकडे काढून टाकले, तेव्हा चिखलातलं मुळांना मारक सल्फाइड वाढलं आणि झाडांची वाढ मंदावली. बिळांतूनच मुळांना हवा मिळते.

गोव्याला जाताय तर भरतीची वेळ बघून रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा. पाणी चढत असताना खोडं न्याहाळत दहा मिनिटं स्तब्ध उभे राहा. हललात की खेकडा खोडामागे जातो. पाय धरून ओढू नका, तो पाय सोडून पळतो.

आणि परत आल्यावर म्हादईवर बोलताना पावसाळ्यानंतरचा प्रवाह वेगळा मोजा. खाडीला गोडं पाणी किती लागतं, याचा आकडा कर्नाटक आणि गोवा दोघांनीही मांडलाच पाहिजे.